ओव्हन लावला की अर्ध्या घराची वीज जाते, बिघाड कुठे शोधायचा?

रानजाई

मंडळी, जरा घाईचा प्रश्न आहे. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला भाड्याच्या घरात राहतो. स्वयंपाकघरात घरमालकाचाच इलेक्ट्रिक कुकर आहे. म्हणजे वर चार शेगड्या, मध्ये ग्रिल आणि खाली पंख्याचा ओव्हन असं एकच उभं यंत्र. उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे पुण्याला गेलो होतो, घर बंद होतं. परत आल्यावर पहिल्यांदा ओव्हन लावला आणि काही सेकंदांत फट् आवाज होऊन स्वयंपाकघर, फ्रिज, वॉशिंग मशीन, वायफाय सगळं गप्प. वरच्या मजल्यावरचे दिवे मात्र चालू. जिन्याखालच्या डब्यात एक खटका पडलेला होता. तो वर केला की सगळं परत येतं, ओव्हनचं बटण फिरवलं की पुन्हा तेच.

शेगड्यांना काही त्रास नाही. एजंटला कळवलं तर उत्तर आलं की एकाच वेळी जास्त उपकरणं वापरू नका. नवरा म्हणतो, नवा कुकर घेऊन टाकू. पण बिघाड घराच्या वायरिंगमध्ये असला तर नव्या कुकरने काय होणार? गणपती तोंडावर आलेत आणि मंडळाच्या कार्यक्रमाला नानकटाई आणायचं मी कबूल करून बसलेय. स्वतः काही उघडणार नाहीये. पण बाहेरून काय काय तपासता येईल?

चहाटळ

उकडीच्या मोदकांना ओव्हन लागत नाही. शेगडी चालू आहे म्हणताय, मग प्रश्न मिटला. (ह. घ्या.)

गडबडगुंडा

साधी गोष्ट आहे. चार शेगड्या, ग्रिल, ओव्हन, वर वॉशिंग मशीन. लोड जास्त होतोय. ३२ चा एमसीबी असेल तर वायरमनला बोलावून ४० चा टाकून घ्या.

साडेतीनफेज

थांबा, थांबा. अँपियरवर जाण्याआधी एक सांगा, पडतो तो खटका नेमका कोणता? त्या डब्यात दोन जाती असतात. अरुंद असतात ते एमसीबी, त्यांवर बी६, बी१६, बी३२ असं लिहिलेलं असतं. आणि एखाद-दोन रुंद असतात, त्यांवर 'टेस्ट' नाहीतर नुसतं 'टी' लिहिलेलं छोटं बटण आणि ३० एमए असा आकडा असतो. ते आरसीडी. भारतात आपण आरसीसीबी म्हणतो, जुनी मंडळी अजून ईएलसीबी म्हणतात. काम तेच.

एमसीबी पडला तर करंट जास्त झालाय किंवा सरळ शॉर्ट आहे. आरसीडी पडला तर करंट कुठेतरी गळतोय. दोन्ही आजार वेगळे, औषधं वेगळी. डब्याचा फोटो टाका.

रानजाई

फोटो टाकलाय. पडतो तो रुंद, उजवीकडचा. 'कुकर' लिहिलेला बी३२ जागचा हलत नाही.

साडेतीनफेज

म्हणजे गळती. गडबडगुंडा, तुमचा ४० चा एमसीबी इथे काहीच करणार नाही, कारण एमसीबी पडतच नाहीये. आणि पडत असता तरी तो बदलणं धोक्याचंच. एमसीबी उपकरणाची काळजी करत नाही, भिंतीतल्या केबलची करतो. इथल्या घरांत कुकरला बहुतेक ६ चौरस मिलिमीटरची केबल असते. भिंतीवर उघडी मारली तर ती ४७ अँपियर पेलते, पण उष्णतारोधक भरलेल्या भिंतीतून पाइपात नेली तर ३२ वरच येते. भिंतीच्या आत काय आहे ते तुम्हाला-मला दिसत नाही.

लोडचा हिशेबही करून टाकू, म्हणजे एजंटला दाखवता येईल. समजा कुकरच्या पाटीवर एकूण ११ किलोवॅट लिहिलंय. २३० व्होल्टला ते साधारण ४८ अँपियर होतात. आता कुणीही म्हणेल की ३२ च्या एमसीबीवर ४८ कसे? पण सगळ्या शेगड्या आणि ओव्हन अखंड चालत नाहीत, थर्मोस्टॅट त्यांना चालू-बंद करत राहतो. म्हणून इथली पद्धत अशी: पहिले १० अँपियर पूर्ण धरायचे, उरलेल्या ३८ चे ३० टक्के म्हणजे ११.४, आणि भिंतीवरच्या कुकरच्या स्विचलाच सॉकेट जोडलेलं असेल तर वर ५. बेरीज २६.४. ३२ मध्ये आरामात बसते. आणि तुमचा पंख्याचा ओव्हन एकटा लावला तर तो दोन-अडीच किलोवॅटचा, म्हणजे ९ ते ११ अँपियर. त्याने ३२ चा एमसीबी ढिम्म हलणार नाही. थोडासा जादा लोड झाला तरी एमसीबी मिनिटांच्या हिशेबात पडतो, सेकंदांच्या नाही. तेव्हा "जास्त उपकरणं वापरू नका" हे उत्तर केराच्या टोपलीत टाका.

आता गळतीबद्दल. आरसीडी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून पाहतो. फरक ३० मिलिअँपियरचा झाला की तो पडलाच पाहिजे, १५ पर्यंत पडता कामा नये, मधल्या पट्ट्यात कुठेही पडू शकतो. २३० व्होल्टवर ३० मिलिअँपियर म्हणजे फेज आणि अर्थ यांच्यात साधारण ७.७ किलोओहमचा रस्ता तयार झालाय एवढंच. इतक्या करंटने काही जळत नाही, वास येत नाही, धूर निघत नाही. म्हणून बाहेरून यंत्र ठणठणीत दिसतं.

भाऊ_खारेपाटण

ताई, घर बंद होतं म्हणालात ना? तिथंच उत्तर आहे.

आमच्याकडे मे संपला की केकचा ओव्हन माळ्यावर जातो आणि गणपतीच्या आधी खाली येतो. पहिल्या दिवशी प्लग लावला की ईएलसीबी पडलाच म्हणून समजा. गीझरचंही तेच, मुंबईकरांच्या बंद घरांत जास्त. मी वायरमनकीत जन्म काढला, सप्टेंबरात निम्मी बोलावणी याचीच असायची. लोक म्हणायचे, भाऊ, वायरिंग जळलं. काही जळलेलं नसायचं. कॉइलनं पाणी प्यालेलं असायचं.

ओव्हनची कॉइल म्हणजे वरून लोखंडी नळी. आत मधोमध तापणारी तार आणि तार नि नळी यांच्यामध्ये पांढरी पूड ठासून भरलेली. ती पूड वीज अडवते आणि उष्णता जाऊ देते. पण ओल शोषून घेते. कॉइल रोज तापत असेल तर ओल टिकत नाही. बंद पडून राहिली, की नळीच्या टोकाची सील जुनी असली तर हवेतलं दमट आत शिरतं.

साडेतीनफेज

भाऊंना +१. ती पूड म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड. इंग्लंडात पावसाळा वेगळा नसला तरी गरम न केलेलं बंद स्वयंपाकघर पुरेसं दमट होतं. पण नळीला तडा गेला असण्याचीही शक्यता आहे. अंदाजाने काहीच ठरवू नका, एकेक भाग वेगळा करून बघू.

भिंतीवर कुकरचा मोठा स्विच असेल, बहुतेक लाल रंगाचा, ४५ अँपियरचा. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो, हे महत्त्वाचं. डब्यातला एमसीबी फक्त फेज तोडतो. म्हणून कुकर वेगळा करायचा तर एमसीबी पाडून भागत नाही, भिंतीवरचा स्विच बंद करावा लागतो.

तर असं करा. तो स्विच बंद ठेवून किटली, वॉशिंग मशीन, टोस्टर असं उजव्या आरसीडीवरचं सगळं चालवा. आरसीडी टिकला तर त्या बाकीच्या मंडळींना सोडून देऊ. मग स्विच चालू करून फक्त एकेक शेगडी. मग फक्त ग्रिल. तुमच्या ओव्हनच्या बटणावर डीफ्रॉस्टचं, नुसता पंखा फिरण्याचं चिन्ह असेल, तर तेही वेगळं लावा. शेवटी पंख्याचा ओव्हन. प्रत्येक वेळी काय झालं ते लिहून ठेवा. आरसीडी पडला तर एकदा वर करा, पुन्हा पुन्हा ठोकत बसू नका. आणि हो, फ्रीजरमध्ये पुण्याहून आणलेलं काही असेल तर हे सगळं आटोपशीर करा.

गडबडगुंडा

एवढा खटाटोप कशाला? कुकरच्या अर्थची वायर सोडवून ठेवा, गळायला जागाच उरणार नाही. आमच्या जुन्या गीझरला असंच केलंय, इतकी वर्षं काही झालेलं नाही.

भाऊ_खारेपाटण

गडबडगुंडा, हात जोडून सांगतो, आजच्या आज त्या गीझरला अर्थ जोडून घ्या. तोवर बटण बंद ठेवा. मी असे गीझर बघितलेत आणि त्या घरांत रडारडही बघितलीय.

साडेतीनफेज

कुणी वाचून तसं करू नये म्हणून कारणासकट लिहितो. गळती कॉइलमध्ये आहे. अर्थ सोडवला म्हणून ती थांबत नाही, फक्त तिचा जमिनीकडे जाणारा रस्ता बंद होतो. मग कुकरचं सगळं धातूचं अंग फेजला टेकून बसतं. ओव्हनचं दार उघडायला एक हात हँडलवर आणि दुसरा ओला हात सिंकच्या नळावर गेला, की रस्ता पूर्ण झाला, छातीतून. आरसीडी तेव्हाही पडेल अशी आशा, पण त्याला पाडणारा करंट माणसातून गेलेला असेल. आत्ता तो कुणाला धक्का बसायच्या आधीच पडतोय ही अर्थची कृपा.

संपादक

अर्थ काढण्याचा सल्ला असलेला प्रतिसाद पुढच्या चर्चेचा संदर्भ कळावा म्हणून ठेवला आहे. तो सल्ला जिवावर बेतू शकतो, कृपया अमलात आणू नये.

रानजाई

सगळ्यांचे आभार. संध्याकाळी वही घेऊन बसले, लेकाने खटक्याची ड्युटी घेतली. निकाल असा:

भिंतीवरचा स्विच बंद, बाकी सगळं चालू: आरसीडी टिकला. चारही शेगड्या: टिकला. ग्रिल: टिकला, मस्त लाल झाला. नुसता पंखा: फिरतोय, टिकला. पंख्याचा ओव्हन: बटण फिरवल्यावर जेमतेम श्वास घ्यायला वेळ, आणि पडला.

साडेतीनफेज

ओव्हनपेक्षा तुमची वही चांगली चालते! यातून बरंच कळलं. घराची केबल, स्विच, शेगड्या, ग्रिल सुटले. पंख्याची मोटरही सुटली. उरली ती मागच्या पत्र्याआडची, पंख्याभोवतीची गोल कॉइल. नवा कुकर घ्यायची गरज दिसत नाही, कॉइल बदलली की काम होईल.

एक उपाय करून बघण्यासारखा आहे, त्यात काही उघडावं लागत नाही. ग्रिल आणि ओव्हन एकाच पोकळीत असतील तर ग्रिल अर्धा-पाऊण तास चालू ठेवा. दार माहितीपत्रकात सांगितलंय तसं, उघडं तर उघडं, बंद तर बंद. ग्रिलच्या उष्णतेने मागची ओली कॉइल सुकते. नुसती ओल असेल तर ओव्हन सुरळीत होईल. तडा असेल तर नाही.

भाऊ_खारेपाटण

हे बरोबर. आम्ही कॉइल काढून बेकरीवाल्याच्या भट्टीवर ठेवायचो, तासाभरात कोरडीठाक.

कृष्णाकाठ

मल्टिमीटरने मोजता येणार नाही का? माझ्याकडे आहे. कॉइलची दोन टोकं आणि बॉडी.

साडेतीनफेज

कॉइल तुटलीय का ते कळेल. २ किलोवॅटची कॉइल असेल तर दोन टोकांत २६ ओहमच्या आसपास दिसलं पाहिजे. पण गळती हमखास कळेलच असं नाही. मल्टिमीटर आतल्या बॅटरीच्या इवल्याशा दाबाने मोजतो. त्या दाबाला ओली पूड सज्जनासारखी मेगाओम दाखवते आणि २३० व्होल्ट मिळाले की फितूर होते. म्हणून इलेक्ट्रिशियन मेगर, म्हणजे वायरचं आवरण वीज किती अडवतं ते मोजायचं यंत्र, लावतो, ५०० व्होल्टचा. घराच्या वायरिंगला किमान १ मेगाओम हवा असा इथला नियम आहे, निरोगी वायरिंगला त्याच्या शेकडो पट येतो. आणि मोजायचं तर कुकर पूर्ण तोडून, मागचं झाकण काढून. रानजाईंनी नाही म्हटलंय ते योग्यच.

रानजाई

ग्रिल चालवून बघितला. नंतर ओव्हन आधीपेक्षा बराच जास्त वेळ टिकला, मला वाटलं झालं काम. पण चांगला तापल्यावर पुन्हा पडला. पोकळी एकच आहे.

साडेतीनफेज

म्हणजे ओल थोडी होती, पण मूळ दुखणं तड्याचं. तापल्यावर नळी फुगते, तडा रुंदावतो. कॉइल बदला.

शेजारीण_लेस्टर

रानजाई, एजंटला आता असं लिही. इंग्लंडमधल्या खाजगी भाड्याच्या घरांना २०२० च्या विद्युत सुरक्षा नियमांप्रमाणे दर पाच वर्षांतून एकदा तरी वायरिंगची तपासणी करून घ्यावी लागते. त्या अहवालाची प्रत नव्या भाडेकरूला राहायला येण्याआधी मिळायला हवी. तुझ्याकडे आहे का बघ. त्यात सी१ (आत्ताच धोका), सी२ (धोका होऊ शकतो) किंवा 'पुढे तपास करा' असा शेरा असेल तर घरमालकाला २८ दिवसांत, किंवा अहवालात त्याहून कमी मुदत दिली असेल तर तेवढ्यात, दुरुस्ती करावी लागते. सी३ म्हणजे नुसती शिफारस.

पण एक बारकावा आहे. हे नियम पक्क्या वायरिंगला लागू. वीज पुरवणारी व्यवस्था दुरुस्त ठेवण्याची घरमालकाची जबाबदारी १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या ११व्या कलमातही आहे, पण वीज वापरणारी उपकरणं त्या कलमात येत नाहीत. कुकरसाठी तुझा करार आणि घर घेतानाची सामानाची यादी बघ. यादीत कुकर असेल आणि करारात उपकरणं दुरुस्त करून देऊ असं असेल, तर प्रश्नच नाही. तुझ्या वहीतला तक्ता जसाच्या तसा इंग्रजीत लिहून पाठव. "कुकर बिघडलाय" म्हणणाऱ्याला टोलवता येतं, "कॉइल क्रमांक अमुक, बाकी सगळं तपासलंय" म्हणणाऱ्याला टोलवणं अवघड जातं.

ओहायोकर

अवांतर: आमच्याकडे कुकरला २४० व्होल्टचा स्वतंत्र ५० अँपियरचा जोड-खटका असतो. तुमच्यासारखा एक आरसीडी अर्ध्या घराला नसतो, त्यामुळे ओव्हनपायी वायफाय जात नाही.

साडेतीनफेज

ओहायोकर, मुद्दा बरोबर. रानजाईंच्या डब्यात दोन आरसीडी आहेत आणि घर त्यांच्यात निम्मं-निम्मं वाटलंय. एका उपकरणाचं पाप पाच जणांना भोगावं लागतं. शिवाय फ्रिज, वॉशिंग मशीन, संगणक यांची थोडी थोडी गळती असतेच, त्यांच्या आतल्या फिल्टरमुळे. ती सगळी एकाच आरसीडीवर साचते आणि तो आधीच काठावर येतो. म्हणून नवे नियम म्हणतात की रोजची गळती आरसीडीच्या ३० मिलिअँपियरच्या ३० टक्क्यांच्या, म्हणजे ९ मिलिअँपियरच्या आत ठेवा. नव्या घरांत प्रत्येक वाटेला स्वतंत्र आरसीबीओ बसवतात, एमसीबी आणि आरसीडी एकाच खटक्यात. मग ओव्हन बिघडला तर फक्त ओव्हन बंद.

रानजाई

अद्यतन! शेजारीणचा मसुदा पाठवला आणि एजंटने माणूस धाडला. त्याने मागचा पत्रा काढून गोल कॉइल बदलली. जुनीला हाताच्या नखाएवढा तडा होता, आत पांढरी पूड दिसत होती. ओव्हन चालतोय, नानकटाई झाली, मंडळात पाच मिनिटांत संपली. सगळ्यांना मनापासून धन्यवाद. धागा बंद करायला हरकत नाही.

चहाटळ

फोटो नाही, पाककृती नाही, आम्ही इथे कशासाठी थांबलो होतो?

रानजाई

धागा बंद करू नका. ☹

आरसीडी पुन्हा पडायला लागला. आणि आता ओव्हन बंद असताना! सकाळी चहासाठी किटली लावली की कधी पडतो, कधी नाही. वॉशिंग मशीन पाणी तापवायला लागली की हमखास. किटली बिघडली म्हणून दुसरी आणली, तरी तेच. कुकरचा एमसीबी पाडून ठेवला, तरी पडतोच. म्हणजे आता खरंच वायरिंग?

भाऊ_खारेपाटण

न्यूट्रल अर्थला टेकलाय. माझा हात कापून देतो.

साडेतीनफेज

भाऊ, हात राहू द्या, मलाही तेच वाटतंय. हा बिघाड इतका फसवा आहे की भलेभले किटल्या बदलत बसतात, म्हणून सविस्तर लिहितो.

न्यूट्रल आणि अर्थ दोघंही घराबाहेरच्या व्यवस्थेत जोडलेलेच असतात, इथल्या बऱ्याच घरांत तर मीटरपाशीच. त्यामुळे दोघांत व्होल्टेजचा फरक जेमतेम असतो. घरात कुठे न्यूट्रलची वायर अर्थला टेकली तर ठिणगी नाही, एमसीबी पडत नाही, काही नाही. पण आता त्या आरसीडीखालच्या सगळ्या न्यूट्रल करंटला घरी जायला दोन वाटा मिळाल्या. एक सरळ, आरसीडीतून. दुसरी आडवाट, त्या टेकलेल्या जागेतून अर्थच्या वायरने. किटली ३ किलोवॅटची, म्हणजे १३ अँपियर. त्यातला अगदी चिमूटभर, पाव टक्क्याच्या आसपास करंट आडवाटेने गेला तरी ३० मिलिअँपियर भरले. आरसीडीला दिसतं की गेले तेवढे परत आले नाहीत. तो पडतो. दोष किटलीचा नाही, किटली फक्त करंट पुरवते.

कुकरचा एमसीबी पाडूनही का पडतो? कारण एमसीबी फक्त फेज तोडतो, हे वर लिहिलंय. न्यूट्रल डब्यातल्या पट्टीला जोडलेलाच राहतो. भिंतीवरचा ४५ अँपियरचा स्विच दोन्ही तोडतो. तो बंद करा आणि वॉशिंग मशीन गरम पाण्यावर लावा. तरीही आरसीडी पडला तर बिघाड स्विचच्या अलीकडे, म्हणजे केबलमध्ये नाहीतर दुसऱ्याच कुठल्या वाटेवर. पडायचा थांबला तर स्विचच्या पलीकडे, म्हणजे कुकरमध्ये किंवा त्याच्या मागच्या जोडणीत. कॉइल बदलल्यावरच हे सुरू झालंय, तेव्हा माझा संशय कुठे आहे ते तुम्ही ओळखलं असेलच.

रानजाई

स्विच बंद: मशीन पूर्ण चालली, किटली दोनदा, काही नाही. स्विच चालू: पाणी तापायला लागल्याबरोबर पडला. ओव्हनचं कुठलंच बटण लावलेलं नव्हतं.

साडेतीनफेज

मग कुकरच. तोवर वापर नसेल तेव्हा भिंतीवरचा स्विच बंद ठेवा, फ्रिज वाचेल. आणि या वेळी एजंटला सांगा की नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन पाठव आणि त्याच्याकडे मेगर असू दे. एनआयसीईआयसी किंवा नॅपिट या नोंदणी करणाऱ्या संस्थांच्या यादीत नाव तपासता येतं. फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ, दोन्ही आकडे लिहून घ्या.

शेजारीण_लेस्टर

आणि पहिल्या माणसाने काय काम केलं याची पावती मागून ठेव. ती नंतर लागते.

रानजाई

आज बाई आली होती, इलेक्ट्रिशियन. हुशार आणि बोलकी. कुकर केबलपासून तोडून मेगर लावला. घराची केबल: मीटरचा काटा म्हणजे आकडा कमाल मर्यादेच्या पुढे, ठणठणीत. कुकर फेज-अर्थ: चांगला. न्यूट्रल-अर्थ: ०.०१ मेगाओम, तेही कुकर हलवला की बदलत होता. मागचं झाकण उघडल्यावर तिने मला दाखवलं. कॉइलकडे जाणारी निळी वायर झाकणाच्या कडेखाली चेंगरून आवरण कापलं गेलं होतं, तांबं पत्र्याला टेकलेलं. झाकण परत लावताना दाबलं गेलं असणार. म्हणून कधी टेकायचं, कधी नाही. तिने उष्णता सोसणारी नवी वायर घातली, तिला क्लिपा मारल्या, पुन्हा मेगर लावला, मग मला आरसीडीचं टेस्ट बटण दाबायला लावलं.

तिने आणखी एक केलं. आरसीडी किती वेळात पडतो ते यंत्राने मोजलं. ३० मिलिअँपियरला तीनशे मिलिसेकंदांच्या आत पडायला हवा, आमचा त्याच्या बराच आत होता. भाऊ, हात शाबूत आहे तुमचा.

भाऊ_खारेपाटण

आनंद झाला. इलेक्ट्रिशियन बाई म्हटल्यावर आणखी आनंद झाला. आमच्या पोरीला वाचून दाखवतो, ती आयटीआयला जायचं म्हणतेय आणि घरात सगळे नाक मुरडतात.

कृष्णाकाठ

फार माहितीपूर्ण धागा. माझा प्रश्न थोडा बाजूचा आहे. आमचं सांगलीचं जुनं घर, वायरिंग वडिलांच्या काळातलं, सॉकेटांना अर्थची वायरच नाही. हे वाचून आरसीसीबी बसवावा असं वाटतंय. अर्थ नसताना तो चालतो का? दुकानदार म्हणाला, टेस्ट बटण दाबून पडला म्हणजे सगळं ओके.

साडेतीनफेज

चालतो, कारण त्याला अर्थ लागत नाही, तो फेज आणि न्यूट्रलची तुलना करतो. पण अर्थ नसलेल्या घरात गळतीला वाट नसते, त्यामुळे बिघडलेलं उपकरण तसंच फेजला टेकून वाट बघत बसतं आणि कुणी हात लावल्यावरच आरसीसीबी पडतो. न बसवण्यापेक्षा बसवलेला केव्हाही बरा, पण तेवढ्यावर थांबू नका.

दुकानदाराचं अर्धंच खरं आहे. टेस्ट बटण आतल्या आत एका रोधातून मुद्दाम फरक निर्माण करतं. अर्थचा त्याच्याशी संबंध नसतो, अर्थ नसलेल्या घरातही तो ऐटीत पडतो. त्यावरून यंत्र चालू आहे एवढंच कळतं, घराला अर्थ आहे की नाही ते कळत नाही.

भाऊ_खारेपाटण

कृष्णाकाठ, आधी अर्थचा खड्डा घ्या. आयएस ३०४३ प्रमाणे, म्हणजे अर्थिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे, करून देणारा वायरमन सांगलीत मिळेल. त्याच्याकडून अर्थ टेस्टरने ओहम मोजून घ्या, नुसता दिवा लावून दाखवला तर पैसे देऊ नका. मग गीझर, फ्रिज, मिक्सर, ओव्हन यांच्या सॉकेटांना हिरवी वायर ओढून घ्या, बाकीची हळूहळू करता येतील. आणि जुन्या वायरिंगला आरसीसीबी बसवल्या दिवशी तो पडत राहिला तर यंत्राला शिव्या घालू नका. बऱ्याच घरांत कुणीतरी कधीतरी एका खोलीचा न्यूट्रल दुसऱ्या खोलीतून घेतलेला असतो, तो शोधावा लागतो. त्यात एखादा दिवस जातो, मजुरी आधी ठरवून घ्या.